मंगल कार्यालयाच्या सहा पायऱ्या : माननीय दिव्यांग कल्याण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्री महोदय,
दिव्यांग कल्याण विभाग, महाराष्ट्र राज्य

सादर नमस्कार.

येत्या मार्गशीर्षात माझे लग्न आहे. मी पुण्यात राहते, एका पतसंस्थेत हिशेबाचे काम करते आणि नऊ वर्षांपूर्वी रस्ता अपघातात मज्जारज्जूला इजा झाल्यापासून व्हीलचेअर वापरते. स्थळ पाहणे, बैठक, याद्या, साखरपुडा हे सगळे कोणत्याही घरात होते तसेच आमच्याकडे झाले. अडचण सुरू झाली ती कार्यालय शोधायला निघाल्यावर. गेल्या चार महिन्यांत आम्ही चौदा मंगल कार्यालये पाहिली आणि त्यांतल्या अकरा ठिकाणी मला, म्हणजे नियोजित वधूला, कुणाच्याही मदतीशिवाय आत जाता आले नाही. त्या अकरा ठिकाणांविषयी आणि त्यांच्याबाबतीत आपल्या विभागाला काय करता येईल याविषयी हे पत्र आहे.

शोध सुरू झाला तेव्हा बाबांनी एक दोनशे पानी वही केली. इतर घरांत अशा वहीत भाडे, ताटाचा दर आणि वाहनतळ लिहितात. आमच्या वहीत त्याआधी चार रकाने आहेत : प्रवेशाच्या पायऱ्या, स्टेजची उंची, वधूपक्षाची खोली कोणत्या मजल्यावर, आणि स्वच्छतागृहाच्या दाराची रुंदी. भाऊ टेप घेऊन आत जातो, तिथून मोठ्याने आकडे सांगतो, बाबा दारात उभे राहून ते लिहून घेतात आणि मी बाहेर, चपला काढायच्या जागेपाशी, थांबलेली असते. माझी खुर्ची २६ इंच रुंद आहे. वहीतला दाराचा आकडा बहुतेक ठिकाणी २४ इंच असा आहे. दोन इंचांमुळे एखादी वास्तू माझ्यासाठी बंद होते, हे चालणाऱ्या माणसाला सांगूनही पटकन खरे वाटत नाही, म्हणून बाबा आता ती वही सोबतच ठेवतात.

पायऱ्यांचा विषय काढला की व्यवस्थापकांचे उत्तर ठरलेले असते. ‘काळजी करू नका, आपली चार पोरं आहेत, उचलून नेतील.’ एका ठिकाणी तर माझ्या नियोजित पतीकडे पाहून विचारण्यात आले, ‘पेशंटला नेमके कुठे बसवायचे आहे?’ ही माणसे वाईट नाहीत आणि मदतीची तयारी ते मनापासूनच दाखवतात. परंतु शालू नेसलेल्या, मुंडावळ्या बांधलेल्या वधूला चार अनोळखी पुरुषांनी खुर्चीसकट उचलायचे, खुर्ची मागे कलंडू नये म्हणून कुणीतरी ओरडत सूचना द्यायच्या आणि तीनशे पाहुण्यांनी ते पाहायचे, याला सोय म्हणता येणार नाही. त्यात धोकाही आहे. माझ्या पायांना संवेदना नाही. उचलताना कुठे घासले, खरचटले तर ते मला समजत नाही, आणि अशी जखम भरायला कधी कधी महिने जातात.

नवरीला तिच्या मामाने बोहल्यावर आणायचे ही आपल्याकडची रीत आहे. माझा मामा बासष्ट वर्षांचा आहे, त्याच्या मणक्याची शस्त्रक्रिया झालेली आहे, आणि अंतरपाट धरला जाण्यापूर्वी माझी खुर्ची आपणच ढकलत आणायची असे त्याने मला दवाखान्यात असतानाच, लग्नाचा विषयही कुणी काढत नव्हते अशा दिवसांत, बोलून दाखवले होते. सपाट जमिनीवर त्याला हे सहज जमेल. सहा पायऱ्या असल्या की जमणार नाही. मंत्री महोदय, माझी मागणी मुळात एवढीच आहे.

आता कायद्याकडे वळते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यात ‘सार्वजनिक इमारत’ या शब्दाची जी व्याख्या आहे, तीत सरकारी इमारतींबरोबर खासगी इमारतीही येतात. जनतेची ये-जा असलेली, व्यावसायिक, धार्मिक, सांस्कृतिक किंवा मनोरंजनाच्या कामासाठी वापरली जाणारी वास्तू तीत मोडते. मंगल कार्यालय या व्याख्येत बसत नसेल तर दुसरे काय बसेल, असे मला वाटते. कलम ४४ सांगते की सुगम्यतेचे नियम न पाळणाऱ्या आराखड्याला बांधकाम परवानगी देऊ नये आणि अशा इमारतीला पूर्णत्वाचा दाखलाही देऊ नये. कलम ४५ जुन्या इमारतींसाठी आहे : नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षांच्या आत त्या सुगम्य झाल्या पाहिजेत. ते नियम जून २०१७ मध्ये अधिसूचित झाले, म्हणजे ही पाच वर्षे जून २०२२ मध्ये संपली. पुढे ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात केंद्राच्या नियमांतील नियम १५ हा मूळ कायद्याशी विसंगत ठरवला, कारण त्याने बंधनकारक व्हायला हव्या असलेल्या गोष्टी निव्वळ शिफारशींच्या पातळीवर ठेवल्या होत्या. आणि सक्तीची मानके तीन महिन्यांत ठरवावीत असा आदेश दिला. आम्ही पाहिलेल्या कार्यालयांपैकी तीन तर गेल्या चार-पाच वर्षांत बांधलेली, चकचकीत, काचेच्या दर्शनी भागाची आहेत. त्यांच्या पायऱ्या जुन्यांपेक्षा रुंद आहेत, इतकाच फरक. त्यांना पूर्णत्वाचा दाखला देताना कुणी काय तपासले, हा प्रश्न मी वहीच्या त्या पानांकडे पाहून वारंवार स्वतःला विचारला आहे.

जिथे ‘रॅम्प आहे’ असे सांगितले गेले, तिथला अनुभवही सांगायला हवा. सहा इंचांची एक पायरी धरली तर सहा पायऱ्यांची उंची तीन फूट होते. मान्य प्रमाण एकास बारा आहे, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबीचा उतार. तीन फुटांना छत्तीस फूट, मध्ये विसाव्याची सपाट जागा आणि दोन्ही बाजूंना कठडा. आम्हाला रॅम्प म्हणून जे दाखवले गेले ती होती मंडपवाल्याची आठ फुटी फळी, जिच्यावरून एरवी वाढप्यांच्या ढकलगाड्या आणि सिलिंडर चढवतात. त्या फळीवरून मी वर जाणे म्हणजे तिघांनी ढकलणे आणि उतरणे म्हणजे देवाचे नाव घेणे. नवरा-नवरी ज्या स्टेजवर बसतात त्याचे गणितही असेच आहे, आणि तिथे तर बहुधा फळीही नसते. लॉन्सवर पायऱ्या नसतात म्हणून आम्ही तिकडे मोठ्या आशेने गेलो. पण हिरवळीला पाणी दिलेले असले की खुर्चीची पुढची छोटी चाके मातीत रुततात, आणि हिरवळीवर जाड गालिचा अंथरला तर त्याची घडी चाकापुढे गोळा होत जाते.

स्वच्छतागृहाविषयी लिहिताना मला संकोच वाटतो, तरी लिहिते, कारण इतर कुणी लिहीत नाही. वधूला पहाटे कार्यालयात यावे लागते आणि ती दुपारी चार-पाचपर्यंत तिथेच असते. मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाला दर काही तासांनी कॅथेटर वापरावे लागते. त्यासाठी खुर्ची आत जाईल, दार लावता येईल आणि खुर्ची वळवता येईल इतकी स्वच्छ जागा लागते. ती नसेल तर आदल्या रात्रीपासून पाणी पिणे बंद करायचे, हा उपाय आमच्यापैकी बहुतेक जणी वर्षानुवर्षे करत आल्या आहेत, आणि त्यातून होणारे संसर्ग व मूत्रपिंडाचे त्रास कुठल्याही लग्नाच्या खर्चात धरलेले नसतात. माझ्या पुनर्वसन केंद्रातल्या एका मैत्रिणीने याच कारणासाठी गेल्या सहा वर्षांत एकाही लग्नाचे आमंत्रण स्वीकारलेले नाही. माझ्या लग्नाला ती येणार आहे, असे तिने मला दोनदा विचारून, दाराचे माप ऐकून, कळवले आहे.

या सगळ्यात ज्यांच्याकडून नकार येईल अशी मला भीती होती, ते आमचे गुरुजी मात्र सर्वांत पुढे गेले. सप्तपदीत तांदळाच्या सात राशी मांडतात आणि वधूने प्रत्येक राशीवर पाऊल ठेवायचे असते. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम ७ मध्येही, जिथे सप्तपदी हा विधीचा भाग आहे तिथे सातवे पाऊल टाकल्यावर विवाह पूर्ण होतो, असे लिहिलेले आहे. ते वाक्य मी पहिल्यांदा वाचले तेव्हा बराच वेळ पुढचे काही वाचू शकले नव्हते. गुरुजी एका रविवारी घरी आले, त्यांनी दिवाणखान्यात खडूने सात खुणा केल्या, प्रत्येक खुणेशी खुर्ची कशी थांबेल ते पाहिले आणि माझ्या नियोजित पतीला सांगितले, ‘तुम्ही तिचे पाऊल हातात घ्या आणि राशीला टेकवा. मंत्र मी म्हणतो.’ पदर चाकात जाऊ नये म्हणून चाकांना पत्र्याचे संरक्षण लावायचेही त्यांनीच सुचवले. होमकुंड पाटाऐवजी उंच चौथऱ्यावर ठेवायचे ठरले. शेकडो वर्षांच्या विधीत एका दुपारी जागा झाली; दहा वर्षांपूर्वी बांधलेल्या इमारतीत ती होत नाही.

विवाह नोंदणीची गोष्ट याहून कठीण आहे, कारण तिथे आपल्याला दुसरे ठिकाण निवडता येत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये दिव्यांग हक्क कार्यकर्त्या विराली मोदी यांना मुंबईत खार येथील नोंदणी कार्यालयात दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसल्यामुळे, उचलून न्यावे लागले. त्यांनी ते जाहीरपणे मांडल्यावर तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी दिलगिरी व्यक्त केली होती. त्यानंतर मी ज्या कार्यालयात चौकशीला गेले, ते पहिल्या मजल्यावर आहे. लिफ्टच्या दारावर ‘बंद आहे’ अशी पाटी होती आणि तिचा कागद पिवळा पडला होता. ‘एकदाच तर यायचे आहे, कुणाला तरी सोबत आणा,’ असे मला खाली निरोप पाठवून सांगण्यात आले. वास्तविक विशेष विवाह अधिनियम, १९५४ च्या कलम १२ मध्ये, पक्षकारांच्या इच्छेनुसार कार्यालयापासून वाजवी अंतरावरील अन्य ठिकाणीही विवाह लावता येतो, अशी तरतूद सत्तर वर्षांपासून आहे. अधिकाऱ्याने जागा सोडून जाणे कायद्याला अपरिचित नाही. महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्याखाली होणाऱ्या नोंदणीसाठीही, दिव्यांग अर्जदार असल्यास निबंधकाने तळमजल्यावर उतरून किंवा घरी येऊन सह्या घ्याव्यात, असे स्पष्ट परिपत्रक निघावे. त्यासाठी अतिरिक्त शुल्क घेऊ नये.

दिव्यांग आणि अव्यंग व्यक्तींच्या विवाहाला प्रोत्साहन म्हणून राज्य शासन आर्थिक साहाय्य देते. त्या योजनेचा अर्ज माझ्याकडे आहे आणि त्याला विवाह नोंदणीचा दाखला जोडायचा आहे. जो दाखला मिळवण्यासाठी मला उचलून न्यावे लागणार, तोच जोडून मी प्रोत्साहन घ्यायचे, हे मला पटत नाही. सुगम्य जागा मिळाली तर ते साहाय्य दुसऱ्या गरजू जोडप्याला द्यावे, असे मी आनंदाने लिहून देईन.

हा विषय एकट्या आपल्या विभागाच्या अखत्यारीत नाही, परवानग्या नगरविकास विभागाकडे आणि गावोगावची समाजमंदिरे ग्रामविकास विभागाकडे येतात, याची मला जाणीव आहे. पण २०२२ च्या डिसेंबरमध्ये महाराष्ट्राने दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग केला, तो इतर विभागांचा दरवाजा आमच्या वतीने ठोठावण्यासाठीच, असे आम्ही समजतो. सुरुवात शासनाच्या स्वतःच्या वास्तूंपासून करावी : महापालिकांची सांस्कृतिक भवने, नगरपालिकांची सभागृहे, आमदार निधीतून उभी राहिलेली समाजमंदिरे. खासगी कार्यालयांना लग्न करणारे तरी निवडू शकतात. गरीब घरातल्या दिव्यांग मुलीसाठी समाजमंदिर हीच एक जागा असते. स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नातील पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा आहे. त्यातून या वास्तूंचे उतार आणि स्वच्छतागृहे झाली तर तो पैसा दिसेल अशा ठिकाणी लागेल. खासगी कार्यालयांच्या बाबतीत प्रत्येकाचे मोजमाप, म्हणजे पायऱ्या, उतार, दारे, स्वच्छतागृह, स्थानिक संस्थेने तपासून जाहीर करावे. आमच्या वहीतले चार रकाने त्यासाठी पुरेसे आहेत. तपासणीला जाणाऱ्या पथकात व्हीलचेअर वापरणारी एक तरी व्यक्ती असावी, कारण फळीला रॅम्प म्हणणारा अहवाल तिच्या सहीने येणार नाही. आणि कलम ८९ मध्ये पहिल्या उल्लंघनासाठी दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, ती कागदावरून खाली उतरावी. हंगामातल्या एका दिवसाच्या भाड्यापुढे ही रक्कम काहीच नाही, पण नोटीस आली की माणूस टेप हातात घेतो.

आम्ही अखेर एक कार्यालय ठरवले आहे. मुहूर्तावर ते रिकामे होते म्हणून नव्हे. मुहूर्त आम्ही त्याच्या तारखेप्रमाणे बदलला. त्याचे सभागृह रस्त्याच्या पातळीवर आहे आणि स्टेज न वापरता बोहले खालीच मांडायला मालकांनी होकार दिला. स्वच्छतागृहाचे दार मात्र तिथेही २४ इंची आहे. बाबा आणि मालक यांनी खर्च निम्मा निम्मा वाटून घेतला असून चौकट काढून ३६ इंची दार बसवायला येत्या सोमवारी गवंडी येणार आहे. दोन दिवसांचे काम आहे, असे तो म्हणाला.

या पत्राचे लेखी उत्तर मिळावे, ही विनंती. आमची वही हवी असल्यास तिची प्रत मी आपल्या कार्यालयात पोहोचवीन. फक्त ते कोणत्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट चालू आहे का, एवढे आधी कळवावे.

आपली विश्वासू,
पुण्यातील एक नियोजित वधू