जुन्या चर्चच्या दुरुस्तीवरील व्हॅट कायमचा माफ करावा : ब्रिटनच्या अर्थमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय अर्थमंत्री,
ब्रिटन सरकार, लंडन

सप्रेम नमस्कार.

इंग्लंडच्या हेरेफर्डशायर परगण्यात, वेल्सच्या सीमेजवळ, किलपेक नावाच्या लहानशा गावात सेंट मेरी आणि सेंट डेव्हिड यांच्या नावाचे चर्च सुमारे ११४० पासून उभे आहे. आकाराने ते बेताचेच आहे. भाविकांचा मंडप, त्यापुढे वेदीकडे जाणारे दालन आणि शेवटी अर्धवर्तुळाकार गाभारा, एवढीच त्याची मांडणी. बहुतेक गावांनी आपली नॉर्मन (अकराव्या-बाराव्या शतकांतल्या शैलीची) चर्च पुढच्या शतकांत वाढवली किंवा मोडून नव्याने बांधली. किलपेकची मूळ रचना मात्र जवळजवळ जशीच्या तशी टिकली.

त्याचा दक्षिण दरवाजा तांबड्या वालुकाश्मात कोरलेला आहे. एका खांबावर सैल विजारी घातलेले दोन योद्धे वेलींत गुंतले आहेत, बाहेरच्या बाजूंनी साप एकमेकांची शेपटी गिळत खाली उतरतात आणि कमानीखाली घोसांनी लगडलेला वेल पसरला आहे. छताच्या कडेखाली भिंतीभोवती फिरणारे ८५ कोरीव दगड आजही शिल्लक आहेत. त्यांत शेजारी शेजारी टेकलेले कुत्रा आणि ससा आहेत, आणि शीला-ना-गिग म्हणून ओळखली जाणारी, स्वतःचे गुह्यांग दोन्ही हातांनी उघडून दाखवणारी स्त्रीही आहे. चर्चच्या भिंतीवर असे शिल्प कोरणाऱ्या कारागिरांचे आणि ते राहू देणाऱ्या गावाचे मन समजून घ्यायला मला तरी दुसरे साधन ठाऊक नाही.

याच कारागिरांच्या परंपरेतले दुसरे चर्च त्याच परगण्यात शॉब्डन येथे होते. अठराव्या शतकाच्या मध्यास, नव्या धाटणीचे चर्च हवे म्हणून, ते पाडण्यात आले आणि त्याच्या कोरीव कमानी जवळच्या टेकडीवर शोभेसाठी उघड्यावर मांडल्या गेल्या. अडीचशेहून अधिक वर्षांच्या पाऊस-थंडीने त्यांवरील आकृती इतक्या झिजल्या आहेत की अनेक ठिकाणी काय कोरले होते ते ओळखूही येत नाही. वालुकाश्मात मुरलेले पाणी गोठले की फुगते आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. म्हणून अशा इमारतीचे छत, पन्हळी आणि सांधे वेळच्या वेळी दुरुस्त व्हावे लागतात, आणि सांधे भरायचे ते चुन्यानेच, कारण सिमेंट ओल बाहेर पडू देत नाही.

हे काम खर्चाचे आहे, आणि इंग्लंडमध्ये त्याचा भार मुख्यतः गावातल्या स्वयंसेवकांच्या समितीवर पडतो. त्यावर आपले सरकार २० टक्के व्हॅट लावते. नवे घर बांधले तर मात्र हाच दर शून्य आहे. २००१ पासून हा कर अनुदानरूपाने परत मिळत असे, आणि ती सवलत सर्व धर्मांच्या संरक्षित प्रार्थनास्थळांना होती. २०२५ मध्ये तिच्यावर प्रत्येक इमारतीमागे वर्षाला २५,००० पौंडांची मर्यादा आली आणि मुदतही मार्च २०२६ पर्यंतचीच ठेवण्यात आली. या मर्यादेचा अर्थ असा होता, की करापूर्वी १,२५,००० पौंडांपेक्षा मोठे काम काढले की वरच्या रकमेवरचा सगळा कर गावाने सोसायचा. संपूर्ण छत बदलायचे तर ही रक्कम सहज ओलांडली जाते, आणि छताचे काम निम्मे करून थांबता येत नाही, हे आपणांस वेगळे सांगायला नको.

वर्षा-दोन वर्षांच्या मुदतीच्या योजनेवर विसंबून कोणतीही समिती निधी जमवायला बसू शकत नाही. निधी उभा राहून, परवानग्या मिळून प्रत्यक्ष काम सुरू होईपर्यंत योजनेची मुदतच उलटून जाते. तरी माझी आपणांस आग्रहाची विनंती आहे की, संरक्षित प्रार्थनास्थळांच्या दुरुस्तीला कायद्यानेच शून्य दराच्या यादीत घ्यावे, आणि ते होईपर्यंत भरलेला व्हॅट कोणत्याही मर्यादेशिवाय परत करावा.

आपला विश्वासू,
इंग्लंडमधील एक मराठी रहिवासी