नफ्यातला रोख किती, अंदाज किती?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तिमाही निकालांच्या दिवसांत आपल्या अर्थपानावर ‘नफा दीडपट’, ‘विक्रमी नफा’ अशी शीर्षके झळकतात. त्या नफ्यात धंद्यातून आलेला किती आणि हाती असलेल्या गुंतवणुकींची किंमत कागदावर वाढल्याने दिसणारा किती, हे मात्र बातमीत नसते. अंबडच्या एका कारखान्यात हिशेब विभागात उभी नोकरी गेल्यामुळे माझी नजर आधी ‘इतर उत्पन्ना’कडे जाते, म्हणून हा पत्रप्रपंच.

मोठ्या कंपन्यांना २०१६ पासून टप्प्याटप्प्याने ‘इंड एएस’ ही नवी लेखामानके लागू झाली. त्यांतले ११३ क्रमांकाचे मानक उचित मूल्य, म्हणजे फेअर व्हॅल्यू, कसे काढायचे ते सांगते. ताळेबंदाच्या तारखेला, कुणी अडलेला नसताना, बाजारातल्या जाणत्या मंडळींत रीतसर व्यवहार झाला तर विकणाऱ्याच्या हाती पडेल ती किंमत म्हणजे उचित मूल्य. कधीकाळी मोजलेली खरेदीची रक्कम इथे चालत नाही, आणि नड भागवायला मातीमोल भावात विकून येणारी रक्कमही नाही.

प्रश्न येतो तो ही किंमत आणायची कुठून. मानकाने तीन लेव्हल केल्या आहेत. शेअर बाजारात रोज उलाढाल होणारा शेअर पहिल्या लेव्हलचा: बंद भाव गुणिले नग, विषय संपला. दुसऱ्या लेव्हलवर त्याच वस्तूचा भाव नसतो, पण तशाच रोख्यांचा परतावा, व्याजदर असे बाजारात दिसणारे आकडे असतात. तिसऱ्या लेव्हलवर मुख्य आकडेच बाजारात दिसत नाहीत, ते कंपनी स्वतः गृहीत धरते. सिंहस्थ जवळ आला की आपल्याकडे प्लॉटचे भाव चहाच्या टपरीवर वाढतात. शेजारच्या प्लॉटचे खरेदीखत झाले असेल तर बोलण्याला आधार असतो, नाहीतर तो नुसता ‘सांगितलेला’ भाव. तिसऱ्या लेव्हलचा पिंड तोच, फक्त सोबत मूल्यांककाचा जाडजूड अहवाल असतो.

अहवालात काय होते ते पाहा. समजा, एका बिगरसूचीबद्ध, म्हणजे शेअर बाजारात नोंद नसलेल्या, कंपनीतल्या हिश्श्यापोटी पुढच्या वर्षी १० कोटी मिळतील आणि ही रक्कम दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढत जाईल असे धरले. १२ टक्के डिस्काउंट रेट, म्हणजे पुढे मिळणाऱ्या रकमेची आजची किंमत काढताना वर्षाला कापायचा दर, लावला, तर आजची किंमत येते सुमारे १४३ कोटी. रेट ११ टक्के केला की १६७ कोटी. वाढही ६ टक्के धरली की थेट २०० कोटी. दोन रकान्यांत एकेक टक्का इकडेतिकडे झाला आणि ५७ कोटी ‘मिळाले’. बँकेत एक रुपयाही जमा नाही. ही गुंतवणूक ‘एफव्हीटीपीएल’ (फेअर व्हॅल्यू थ्रू प्रॉफिट ऑर लॉस) या वर्गात असेल, तर ती वाढ सरळ नफा-तोटा पत्रकात उतरते.

यावरून कुणी उचित मूल्यालाच लबाडी म्हणू लागले, तर मला ते मान्य नाही. उलटे उदाहरण अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेचे. मुदतीपर्यंत ठेवायचे म्हणून तिने बरेचसे रोखे बाजारभावाने मांडलेच नव्हते. २०२२ अखेर त्यांतला सुमारे १५ अब्ज डॉलरचा तोटा ताळेबंदाच्या आकड्यांत नव्हता, टिपांमध्ये होता. मार्च २०२३ मध्ये ठेवीदारांची रीघ लागली आणि बँक बुडाली. बाजारभाव दाखवायलाच हवा. तो कुठून आणला, तेही तितक्याच ठळकपणे सांगायला हवे.

आपल्या कायद्याला हा फरक पुरता ठाऊक आहे. कंपनी कायद्याच्या कलम १२३ नुसार लाभांशासाठी नफा मोजताना न वसूल झालेला फायदा आणि उचित मूल्यातील बदल वगळावे लागतात. रिझर्व्ह बँकेनेही एप्रिल २०२४ पासून व्यापारी बँकांना तिसऱ्या लेव्हलच्या अशा निव्वळ फायद्यातून लाभांश देण्यास मनाई केली आहे. जो पैसा वाटताच येत नाही, तो शीर्षकात मात्र नफा म्हणून मिरवतो!

माझी विनंती साधी आहे. निकालाच्या बातमीत एक ओळ वाढवा: करपूर्व नफ्यात उचित मूल्यातील बदलाचा वाटा किती. बिगरबँक वित्त कंपन्यांच्या पत्रकात ‘नेट गेन ऑन फेअर व्हॅल्यू चेंजेस’ अशी स्वतंत्र ओळच असते. इतरांच्या बाबतीत ‘इतर उत्पन्ना’ची टीप उघडावी लागते. वार्षिक अहवाल आला की तिसऱ्या लेव्हलची आरंभीची आणि अखेरची शिल्लक जुळवून दाखवणारा तक्ता पाहावा. गृहीतके बदलली तर मूल्य किती हलते, हेही तिथेच द्यावे लागते. वार्षिक सभा आता बऱ्याच ठिकाणी ऑनलाइन होतात, त्यामुळे नाशिकचा भागधारकही घरबसल्या विचारू शकतो. बोनस कधी देणार हे विचारणारे पुष्कळ असतात. यंदाचा डिस्काउंट रेट गेल्या वर्षीपेक्षा कमी का धरला, हे विचारणारा अजून माझ्या तरी कानावर आलेला नाही.

आपला,
एक निवृत्त लेखापाल
इंदिरानगर, नाशिक