तीर्थस्वरूप काकू, तुमचा थर्मास अजून माझ्याकडेच आहे

तीर्थस्वरूप काकूंना सा. न. वि. वि.

हे पत्र मी सगळ्यांना दिसेल असं उघड लिहिते आहे, कारण समोरासमोर आभार मानले की तुम्ही "चल, काहीतरीच" म्हणून विषय भाजीवर नेता. आता तुम्ही डॅलसला लेकीकडे राहायला गेलात, म्हणजे मला मध्येच तोडायला जिन्यात कोणी नाही. तेव्हा या वेळी पूर्ण ऐकून घ्या.

परवा ऑफिसातल्या एका नव्या मुलीने विचारलं, "न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरचं नाताळचं झाड दिव्यांनी उजळवतात त्या रात्री जायचंय, आईबाबा भारतातून आलेत, काय करू?" मी तोंड उघडलं आणि त्यातून थेट तुम्हीच बोलायला लागलात. "गुडघे कसे आहेत त्यांचे?" हा पहिला प्रश्न. तीसुद्धा माझ्यासारखीच गोंधळली.

२०२३ चा नोव्हेंबर आठवतो ना? आई वाईहून पहिल्यांदाच आली होती. वय बहात्तर, थंडीचा अनुभव पाचगणीपर्यंतचा. माझ्या डोक्यात एकच: न्यूयॉर्कच्या शेजारी जर्सी सिटीत राहून आईला ते झाड उजळताना दाखवलं नाही तर काय उपयोग! सोहळा दरवर्षी थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या बुधवारच्या आसपास असतो, त्या वर्षी २९ नोव्हेंबरला होता. एका संकेतस्थळावर 'खास जागेवरून दर्शन' म्हणून माणशी काहीशे डॉलरचं पॅकेज मिळत होतं. जेवण, खिडकी, वगैरे. तीन जणांचे पैसे भरायला मी कार्ड हातात घेऊन बसले होते, तेवढ्यात तुम्ही कोथिंबीर मागायला आलात. त्या कोथिंबिरीने माझे निदान हजार डॉलर वाचवले.

"अगं, फुकट असतं ते," तुम्ही म्हणालात. "रस्त्यावर उभं राहायचं. तिकीट नाही, आमंत्रण नाही. आणि खिडकीतून झाड दिसेलच असं त्यात कुठे लिहिलंय, वाच बरं मला." मी वाचलं. खरंच लिहिलं नव्हतं.

मग माझ्याच स्वयंपाकघरात बसून तुम्ही मला तीन प्रश्न विचारलेत. आईचे गुडघे किती तास उभे राहू देतात? पोरगी किती वेळ लघवी धरू शकते? आणि तुला झाड बघायचंय की तिथे होतीस म्हणून फोटो टाकायचाय? तिसऱ्याचं मी उत्तर दिलं नाही. तुम्हीही पुन्हा विचारलं नाहीत, हे मला फार आवडलं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र सरळ होतं: अर्धा तास. आणि एकोणपन्नासाव्या नि पन्नासाव्या रस्त्यावर, पाचव्या आणि सहाव्या अव्हेन्यूच्या मध्ये, पोलीस जे लोखंडी कठडे लावतात त्यांच्या आत एकदा शिरलं की सहा-सहा तास उभं राहावं लागतं. बाहेर पडलात तर परत आत नाही. बसायला जागा नाही, स्वच्छतागृह नाही, मोठ्या पिशव्या न्यायच्या नाहीत. कार्यक्रम टीव्हीवर आठ ते दहा, आणि झाड उजळतं ते दहाला थोडी मिनिटं उरली असताना. म्हणजे सगळं बघायला आलेला माणूस सगळ्यात जास्त वेळ पुढच्याची टोपी बघतो. आपल्याकडे लालबागच्या राजाच्या रांगेत निदान रांग पुढे सरकत तरी असते.

"आईला नेऊ नकोस," तुम्ही म्हणालात. मला राग आला होता, काकू. खोटं कशाला सांगू? इतकी वर्षं तुम्ही इथे, तुमचं बघून झालं, आणि माझ्या आईला मात्र नको, असं काहीसं मनात आलं. चेहऱ्यावर दिसलंही असणार. तुम्ही शांतपणे कोथिंबीर निवडत म्हणालात, "आईला दुसऱ्या दिवशी पहाटे ने. झाड पहाटे पाचपासून रात्री बारापर्यंत रोज उजळलेलं असतं. पाच वाजता तिथे कोण असतं? झाडूवाले आणि आपण. मीही येते."

या एका वाक्यासाठी हे पत्र आहे. बाकी सगळं त्याच्यामागून आलं.

बुधवारची वाटणी तुम्हीच केलीत. आई तुमच्या घरी, तुमच्या सोफ्यावर, पिठलं-भाकरी आणि सोहळा दाखवणारं एनबीसी चॅनल. मी आणि लेक रस्त्यावर. तुमच्या सूचना मी फोनमध्ये लिहून घेतल्या होत्या, त्या अजून आहेत. जर्नल स्क्वेअरहून पाथ, म्हणजे न्यूयॉर्कला जाणारी आपली रेल्वे, पकडून थर्टी थर्ड स्ट्रीट. तिथून सबवेने दोनच स्टेशनं, पण त्या संध्याकाळी चालतच जा, सहाव्या अव्हेन्यूने सतरा छोटे ब्लॉक. वाटेत ब्रायंट पार्कला थांबा, तिथलं सार्वजनिक स्वच्छतागृह शहरात सगळ्यात चांगलं, आत ताजी फुलं ठेवलेली असतात, आणि त्यानंतर पाण्याचा घोट नाही. कपडे एकावर एक. आणि पुठ्ठा! कपाटातलं खोकं फाडून पायाखाली घ्यायचा पुठ्ठा. "थंडी वरून येत नाही, जमिनीतून चढते." मला हे जुन्या बायकांचं काहीतरी वाटलं होतं. साडेआठ वाजता आजूबाजूचे लोक पाय आपटत होते, आणि आम्ही दोघी आमच्या पुठ्ठ्यावर महाराणीसारख्या उभ्या. शेजारच्या बाईने तर लेकीला विचारलं, अर्धा देतेस का.

दुपारी दोनला पोचा म्हणालात, शाळेमुळे आम्हाला साडेचार झाले. त्या संध्याकाळी पॅलेस्टाईनच्या बाजूने मोर्चाही निघाला होता, पोलीस एक रस्ता उघडायचे, दुसरा बंद करायचे. अखेर एकोणपन्नासाव्या रस्त्यावर कोपऱ्यात जागा मिळाली. तिथून झाडाचा वरचा निम्मा भाग दिसत होता. खाली स्टेजवर कोण गातंय ते कळायला मार्ग नव्हता.

एक सूचना मी मोडली. लेकीला सात वाजता हॉट चॉकलेट घेऊन दिलं. त्याचं फळ नऊ वाजता मिळालं. पुढचा तासभर तिने एका पायावर काढला. सगळं संपल्यावर एका हॉटेलच्या दरवानाने तिचा चेहरा बघून काही न विचारता दार उघडलं, त्याचेही इथेच आभार मानून घेते.

दहाच्या आधी मी तुम्हाला फोन लावला, लागला तोही तुटक. लोकांनी उलटे आकडे मोजायला सुरुवात केली, आणि झाड एकदम उजळलं. पन्नास हजारांहून जास्त दिवे, पाच मैल वायर, टोकावर तो चारशे किलोंचा तारा. लेक किंचाळली. मीही. आणि फोनवर आई म्हणते, "अगं, ओरडता काय? अजून अंधारच आहे इथे!" टीव्हीवरचं चित्र काही सेकंद मागे होतं. मग तिकडून आईचा "आ" ऐकू आला, आणि मागून तुमचा.

घरी आल्यावर कळलं की आईने आमच्यापेक्षा दसपट पाहिलं. जवळून झाड, खालची बर्फाची स्केटिंगची जागा, सोनेरी पुतळा, गाणारे. शेर नावाची प्रसिद्ध अमेरिकन गायिका आली होती. तुम्ही आईला सांगितलंत की ही बाई सत्त्याहत्तर वर्षांची आहे. आईने दुसऱ्या दिवशीपासून गुडघ्यांबद्दल बोलणं जे कमी केलं, त्याचं श्रेय मी तुम्हाला देते की शेरला, हे ठरवलेलं नाही.

पण गुरुवारची पहाट. तिच्याबद्दल मी तुमच्याशी कधी धड बोलले नाही.

लेक झोपलेली, नवरा घरी. आपण तिघी पाचच्या आत निघालो. गाडी होबोकेनचा वळसा घेऊन गेली, डब्यात रात्रपाळीहून परतणारे आणि पहाटपाळीला निघालेले. आईने दोन शाली, माझा कोट, तुमचे मोजे घातले होते. सबवेतून वर आलो तेव्हा रस्ते खरंच रिकामे होते. पाचव्या अव्हेन्यूकडून आत शिरणारी ती चिंचोळी बाग, दोन्ही बाजूंना तारेचे पांढरे देवदूत कर्णे वाजवत उभे, आणि समोर ते. आई थांबली. काही बोलली नाही. तुम्ही माझा कोपर धरून मला मागे ओढलंत, तेही मला तेव्हा कळलं नाही. मी फोटो काढायला पुढे निघाले होते.

बऱ्याच वेळाने आई म्हणाली, "दीपमाळ आहे गं ही."

त्रिपुरी पौर्णिमा नुकतीच होऊन गेली होती. ती वाईला घाटावर दिवे सोडण्याच्या दिवसांत इकडे अडकली म्हणून आल्यापासून हळहळत होती. मला ते ऐकून ऐकून कंटाळा आला होता, आणि मी तिला त्याच्या बदल्यात काहीतरी मोठं दाखवायला निघाले होते. तिने अदलाबदल वगैरे काही केली नाही. सरळ ओळखलं. मग लगेच, "एवढ्याला तेल कोण घालतं?" असं विचारून स्वतःच हसली.

मग तिने तो प्रश्न विचारला, ज्याची मला भीती होती. झाड खरं आहे का? खरं होतं. नॉर्वे स्प्रूस, ऐंशी फूट उंच, न्यूयॉर्क राज्यातल्याच वेस्टल गावातून आणलेलं, वय ऐंशी-पंच्याऐंशी. "म्हणजे माझ्याहून मोठं. आणि सहा-सात आठवड्यांसाठी तोडलं?" मी सारवासारव करणार होते. तुम्ही नाही केलीत. म्हणालात, "मलाही दरवर्षी बोचतं, ताई. पण मालक स्वतः देतात, बहुतेक झाडं अंगणातली, वाढून म्हातारी झालेली. आणि नंतर त्याच्या फळ्या करून हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी या संस्थेला घरं बांधायला देतात, २००७ पासून." आईने मान हलवली. पटलं असं नाही, पण ऐकून घेतलं. २०२० मध्ये झाडासोबत चुकून आलेल्या एवढ्याशा घुबडाची गोष्ट तुम्ही सांगितलीत तेव्हा मात्र ती खूश झाली. ते घुबड बरं करून सोडून दिलं हे तिने दोनदा विचारून घेतलं. वाईला गेल्यावर रॉकफेलर सेंटरबद्दल ती आधी घुबडाचंच सांगते.

आणि १९३१ ची गोष्ट. तुम्ही थर्मास उघडलात, आल्याचा चहा कपात ओतलात आणि त्या इमारतींकडे बोट दाखवलंत. महामंदी होती, इथे नुसते खड्डे आणि माती, आणि काम मिळालेल्या मजुरांनी आपापसात पैसे काढून वीस फुटी झाड आणलं. क्रॅनबेरीच्या माळा, कागदाच्या साखळ्या, पत्र्याचे डबेसुद्धा टांगले. नाताळच्या आदल्या दिवशी त्याच झाडापाशी पगाराची रांग लागली. मालकांचा अधिकृत सोहळा दोन वर्षांनी, १९३३ मध्ये सुरू झाला. चाळीतला गणपती आधी, मंडळ मागाहून, तसंच काहीसं. तुमचे यजमान अमेरिकेत आल्यावर सुरुवातीला बांधकामावर हिशेब लिहायचे, हे मला त्या पहाटे कळलं. एवढी वर्षं तुम्ही दरवर्षी पहाटेच का जाता, तेही मग विचारायची गरज उरली नाही.

सहाव्या अव्हेन्यूकडून वारा सुरू झाला तेव्हा तुम्ही आम्हाला समोरच्या सेंट पॅट्रिक्समध्ये नेलंत. दार नुकतंच उघडलं होतं, आत ऊब होती, बसायला बाक होते. आईने पेटीत पैसे टाकून एक मेणबत्ती लावली आणि तिच्याजवळ अर्धा तास बसली. तुमच्या हिशेबात तो अर्धा तासही धरलेला होता, हे मला घरी येईपर्यंत लक्षात आलं नाही.

ऑफिसातल्या त्या मुलीला मी हे सगळं सांगितलं. तिला पहाटेचं पटलं नाही. ती बुधवारीच जाणार आहे, आईबाबांना घेऊन. मी पुठ्ठ्याचं तेवढं सांगितलं आणि गप्प बसले. तुमच्याइतकं ठामपणे नाही म्हणायला मला अजून जमत नाही, काकू. तुम्हाला त्या दिवशी माझा चेहरा दिसूनही जमलं.

आता थर्मास. त्या पहाटे तो माझ्या पिशवीत राहिला आणि तुम्ही घर आवरून गेलात तरी राहिलाच. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नसतं. तिने येणाऱ्या एका ओळखीच्यांबरोबर वाईची हळद पाठवली आहे, ती मी थर्मासातच भरून ठेवली आहे, दोन पिशव्या करून. डॅलसचा पत्ता कळवा. घरक्रमांक नीट लिहा, मागच्या वेळी तुमचा सात मला एक वाटला होता.

तुमची,
सहाव्या मजल्यावरची