आक्कांच्या नातवाला फोन कर

बाळा,

काल आक्कांच्या नातवाशी बोलणं झालं. पुण्यात इंटरव्ह्यू आहे, दोन रात्री तुझ्याकडे राहू का म्हणून त्याने तुला मेसेज केला, तू वाचलास आणि साधं हो-नाही पण कळवलं नाहीस. मी विचारलं तर म्हणतोस, ते आपले कोण लागतात, आणि आजोबांनी त्यांचे पैसे दिले होते ना सगळे? रात्रभर तेच डोक्यात होतं म्हणून लिहितोय.

आजोबा लालबागला गाळ्यावर राहायचे, एका खोलीत वीस-पंचवीस माणसं, पाळीप्रमाणे झोपायची, आणि जेवण आक्कांच्या खानावळीत. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार बसून, सगळ्यांना वाटलं महिना-दोन महिन्यांत मिटेल. तो मिटलाच नाही, लाखावर लोकांची नोकरी गेली. खानावळीचे पैसे पगाराला द्यायचे अशी पद्धत, आता पगारच नाही तर देणार कुठून? बरेचजण गावी गेले. आजोबा थांबले, मिळेल तेव्हा दाणाबंदरला हमाली करायचे. आक्कांनी त्यांचं ताट बंद केलं नाही. आधी मासळी गेली, मग भात कमी झाला, शेवटी शेवटी पेज आणि सुकटीची चटणी, पण हाक मारून जेवायला बसवायच्या. वाण्याची उधारी भागवायला हातातल्या पाटल्या गहाण टाकल्या, आणि हे आजोबांना कळलं ते पण दुसऱ्याच कुणाकडून.

हो, वॉचमनची नोकरी लागल्यावर आजोबांनी वहीतला आकडा फेडला. पण त्यात पाटल्यांचं व्याज नव्हतं, आक्कांनी लावलंच नाही. आणि ज्याच्याकडून पैसे परत येतील याची काडीची खात्री नाही त्याला रोज जेवू घालायचं, हे वहीत कुठल्या रकान्यात लिहिणार रे? आजोबांना हे कळत होतं म्हणून तुला नोकरी लागली तेव्हा गुडघे दुखत असताना जिने चढून पहिले पेढे त्यांनी आक्कांना नेऊन दिले. तुझ्या नोकरीचे पेढे, बाळा.

तू वाईट नाहीस, कामात असतोस, मला माहितेय. पण ओळख विसरणं मला सहन होत नाही.

त्याचा नंबर परत पाठवतोय. आज ऑफिस सुटलं की फोन कर, स्टेशनवर घ्यायला जा, आणि आक्कांची तब्येत कशी आहे तेही विचार, हल्ली त्या अंथरुणातच असतात.

बाबा