हापूसच्या बुकिंगची वेबसाइट कुणाकडून करून घ्यायची

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

तुम्ही पाठवलेली तिन्ही कोटेशनं नीट वाचली. एक २५,००० चं, एक ९०,००० चं आणि एक ३ लाखांचं. आकड्यांत एवढी तफावत आहे, कारण तिघांनी तीन वेगळी कामं डोळ्यांसमोर ठेवून दर दिलाय. त्यामुळे आकडे शेजारी ठेवून काही कळणार नाही. मला विचाराल तर आधी एकच बघा: एप्रिलमध्ये तोडणीच्या धांदलीत साइट बंद पडली तर फोन कोण उचलणार? आणि त्याने नाही उचलला, तर दुसरा कुणी येऊन तेच काम पुढे नेऊ शकेल का?

माणूस ऑक्टोबरपर्यंत ठरायला हवा. डिसेंबरअखेर साइट तयार, जानेवारीत नेहमीच्या दहा-बारा गिऱ्हाइकांकडून चाचणी आणि फेब्रुवारीत बुकिंग सुरू, असा हिशोब धरा. फेब्रुवारीत काम सुरू करून मार्चमध्ये देतो म्हणणाऱ्याला हंगाम कळलेला नाही.

कुणाला बोलावण्याआधी एक काम आईचं. आई, तुझ्या वहीतल्या मागच्या हंगामातल्या चार-पाच नोंदी जशाच्या तशा उतरवून काढ. सोप्या नकोत, डोकेदुखीच्या काढ. म्हणजे ठाण्याचं गिऱ्हाईक: पाच डझनाच्या तीन पेट्या, एक स्वतःला, एक नागपूरला लेकीकडे, एक पुण्याला व्याह्यांकडे. पैसे देणारा एक, पत्ते तीन, तारखा तीन. त्यातली नागपूरची अक्षय्य तृतीयेच्या आधी पोचायलाच हवी. निम्मे पैसे आगाऊ, निम्मे पेटी निघताना. मग अवकाळी पाऊस येतो, तोडणी चार दिवस पुढे जाते आणि तुला तिघांना कळवावं लागतं. ही एक नोंद म्हणजे डेव्हलपरची, म्हणजे साइट बनवणाऱ्याची, अर्धी परीक्षा आहे.

कारण सांगते. अशा विक्रीसाठी साइट उभारायचं वर्डप्रेस आणि त्यावर दुकान चालवायचं वूकॉमर्स हे तयार साधन मिळतं, दोन्ही फुकट आणि खुली, म्हणजे कुणालाही वापरता आणि बदलता येतील अशी. आपल्या आकाराच्या धंद्याला तेवढं पुरतं, आणि ते काम येणारे लोक रत्नागिरीपासून पुण्यापर्यंत कुठेही सापडतात. एकाने सोडलं तर दुसरा उचलू शकतो. पण वूकॉमर्समध्ये मुळात एका ऑर्डरला पोचवण्याचा पत्ता एकच असतो, आणि पैसे पूर्ण घेतले जातात. तीन पत्ते आणि निम्मा ॲडव्हान्स या दोन गोष्टींना वेगळी जोडणी लागते. ज्याने हे काम खरंच केलंय तो आईची नोंद वाचून लगेच म्हणेल, की इथे वेळ जाणार आणि इथे पैसे लागणार. ज्याने केलेलं नाही तो म्हणेल, ‘होऊन जाईल.’ मग मार्चमध्ये तीन पेट्या ठाण्यालाच जातात.

दुसरा प्रश्न पैसे भरण्याचा विचारा. गिऱ्हाइकाने यूपीआयने पैसे भरले, त्याच्या खात्यातून गेले, पण नेट गेलं आणि साइटवर ऑर्डर ‘पेंडिंग’ राहिली. तो घाबरून पुन्हा भरतो. आता काय? नीट काम करणारा सांगेल, की पैसे आल्याची खबर पेमेंट गेटवेच्या, म्हणजे ऑनलाइन पैसे घेऊन आपल्या खात्यात जमा करणाऱ्या कंपनीच्या, सर्व्हरकडून आपल्या सर्व्हरला थेट येते, गिऱ्हाइकाचं पान उघडं असो वा नसो. त्याला ते वेबहुक म्हणतात. ही खबर उशिरा आली तरी ऑर्डर आपोआप पक्की व्हायला हवी, आणि दुबार आलेले पैसे परत करायची सोय आपल्या हातात हवी. याला जोडून तिसरा: एका दिवशी ४० पेट्याच पाठवता येत असतील आणि शेवटच्या पेटीवर दोघांनी एकाच वेळी बोट ठेवलं, तर? उत्तर पाठ करायची गरज नाही. त्याने आधी कधी विचार केलाय की तुमच्यासमोर पहिल्यांदाच करतोय, ते चेहऱ्यावर दिसतं.

या बोलण्यातून दोघं उरले, की दोघांनाही छोटं काम पैसे देऊन सांगा. साधारण ५,००० रुपये आणि पाच दिवस. आईची ठाण्याची नोंद भरता येईल असं एकच पान, आणि त्याची एक्सेलमध्ये उतरणारी यादी, तारखेप्रमाणे लावलेली. ज्याला निवडणार नाही त्याचेही पैसे पूर्ण द्या. फुकट नमुना मागितला की माणूस जुनंच काहीतरी रंग बदलून दाखवतो. या पाच दिवसांत पान किती देखणं झालं याकडे फार बघू नका, प्रश्न किती विचारले ते बघा. पिनकोडला गाडी जात नसेल तर काय दाखवू? त्या तारखेला अडीचशे ग्रॅमचं फळ नसेल तर बुकिंग बंद करू की फोन करायला सांगू? असं विचारणारा आपल्या उपयोगाचा.

प्रत्येकाकडून निदान दोन वर्षं जुन्या दोन साइट मागा. त्या वाडीतल्या नेटवर, आईच्या फोनवर उघडून बघा. मग त्या मालकांना फोन करा. ‘काम कसं आहे’ विचारलं तर सगळे ‘छान’च म्हणतात. शेवटची अडचण कधी आली, किती वाजता फोन केला आणि किती वेळात सुटली, ते विचारा.

आता चाव्यांचं, ज्याची मला सर्वांत काळजी आहे. डोमेन म्हणजे साइटचं नाव, ते बाबांच्या नावावर, बाबांच्या ईमेलवर आणि बाबांच्या मोबाइलवर ओटीपी येईल असंच घ्यायचं. होस्टिंगचं, म्हणजे साइट जिथे ठेवतात त्या भाड्याच्या जागेचं, खातंही तसंच. पेमेंट गेटवेला तर पॅन आणि बँक खातं आपलंच लागतं. डेव्हलपरच्या खात्यातून पैसे फिरवायचं कुणी सुचवलं तर तिथेच थांबा. एसएमएस पाठवायचे असतील तर ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, नियमाप्रमाणे मोबाइल कंपन्यांच्या डीएलटी या नोंदणी-यंत्रणेवर आपली नोंदणी आणि मजकुराचे नमुने आधी मंजूर करून घ्यावे लागतात, तीही आपल्याच नावावर. डेव्हलपरला प्रत्येक ठिकाणी वेगळा प्रवेश द्यायचा, जो काढून घेता येतो. आपला पासवर्ड द्यायचा नाही. बहुतेक भांडणं इथेच होतात: माणूस वाईट नसतो, पण डोमेन त्याच्या नावावर असतं, नूतनीकरण विसरतो आणि ऐन हंगामात साइट गायब होते.

कोडच्या मालकीचं लिहून घ्याच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सॉफ्टवेअर हे साहित्यकृतीत धरलंय. नोकराने नोकरीत लिहिलेलं मालकाचं होतं, पण बाहेरच्या माणसाला पैसे देऊन करून घेतलेलं लेखी हस्तांतर होईपर्यंत करणाऱ्याचंच राहतं. आणि लेखी हस्तांतरातही मुदत घातली नाही तर कायदा ती ५ वर्षं धरतो, प्रदेश घातला नाही तर फक्त भारत. म्हणून करारात ‘कायमस्वरूपी’ आणि ‘सर्व जगासाठी’ हे शब्द हवेत, खाली दोघांच्या सह्या हव्यात. बाबा, २५,००० वाला तुमच्या मित्राचा मुलगा आहे, त्याच्याशी कागद करायला तुम्हाला अवघड वाटेल, हे कळतं मला. पण कागद असला तरच ती मैत्री टिकेल. त्याच्या कोटेशनमध्ये बॅकअप, म्हणजे साइटची राखीव प्रत, नाही, हंगामातली देखभाल नाही, पेमेंटची जोडणीही नाही. हे सगळं धरून पुन्हा आकडा दे म्हणून प्रेमाने सांगा. कदाचित तो स्वतःच बाजूला होईल.

३ लाखांच्या कोटेशनमध्ये मोबाइल ॲप धरलंय. ते नको. वर्षातून दोन पेट्या मागवणारं गिऱ्हाईक त्यासाठी ॲप उतरवून घेत नाही. शिवाय प्ले स्टोअरवर नवीन वैयक्तिक खात्याला आधी १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते, तो वेळही त्यांनी धरलेला नाही. वर १८ टक्के जीएसटी म्हणजे ५४,००० वेगळे. ताज्या आंब्यावर जीएसटी नाही, म्हणून या कराचं क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, आपल्याला मिळणार नाही. तो सरळ खर्चच. सीएंना एकदा विचारून घ्या. गेटवेचं शुल्कही साधारण २ टक्के आणि त्यावर जीएसटी असतं, म्हणजे ४,००० च्या पेटीमागे ९४ रुपये ४० पैसे. पेटीचा भाव ठरवताना ते धरा.

९०,००० वाला मला बरा वाटतो, पण वरचे प्रश्न आणि ते पाच दिवसांचं छोटं काम झाल्याशिवाय होकार देऊ नका. पैसे टप्प्याने द्या: सुरुवातीला २० टक्के, चाचणी साइटवर आईची नोंद व्यवस्थित उतरली की ३०, आपल्या डोमेनवर सुरू झाली की ३०, आणि उरलेले २० एप्रिलअखेर. १ मार्च ते ३१ मे सकाळी ९ ते रात्री ९, दोन तासांत उत्तर, याचा दर आत्ताच ठरवा. त्या काळात सुरक्षेचं सोडून कुठलंही अपडेट करायचं नाही, हेही लिहा. चालत्या साइटला हंगामात हात लावल्यामुळे बंद पडलेल्या साइट फार.

बॅकअप रोज, आणि होस्टिंगपेक्षा वेगळ्या जागी. ‘घेतो’ म्हणणं पुरत नाही. डिसेंबरमध्ये तुमच्यासमोर एकदा चाचणी साइट पुसून बॅकअपवरून उभी करायला सांगा. किती वेळ लागला ते आईने वहीत लिहून ठेवावं.

कराराचा मसुदा मी करून पाठवते. तोवर कुणालाही ॲडव्हान्स देऊ नका. आईच्या नोंदींचे फोटो रविवारपर्यंत आले तर त्यावरून कामाचा कागदही मीच लिहीन. बाबा, रक्तदाबाची गोळी वेळेवर घ्या.

तुमची,
लेक