फिटरकाका, पैसे मिळाले

आदरणीय फिटरकाका,
सा. न. वि. वि.

गेल्या रविवारी तुम्ही घरी आलात तेव्हा माझ्या तोंडून धड आभाराचा शब्दही निघाला नाही. पोहे घ्या, वर जिरावन मसाला घ्या, पंखा वाढवू का, असलंच काहीतरी बडबडत राहिलो. तुम्ही जिना उतरून गेल्यावर बायको म्हणाली, अहो, निदान पाया तरी पडायचं होतं! म्हणून हे पत्र. ते उघडं लिहितोय, कारण त्या काळी चिमणबागेत गर्दी करून उभे राहणारे आमचे बरेच दोस्त आता पन्नाशी ओलांडून मोबाइल चाळत बसलेले असतात. त्यांनाही कळू दे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. १९८८ च्या जानेवारीत आपल्या इंदूरच्या नरेंद्र हिरवाणीनं मद्रासला पहिल्याच कसोटीत वेस्ट इंडीजचे सोळा गडी टिपले, १३६ धावांत. त्यानंतर या शहरात जो-तो मनगट फिरवायला लागला. रामबागेत, मल्हारगंजात, पाटनीपुऱ्यात, जिथं बावीस यार्ड सापडतील तिथं कुणीतरी लेगस्पिन टाकत असायचा. मी मात्र मध्यमगती. मनगट वळलं नाही, पण टप्पा सापडला होता. आणि टप्प्यावर पैसे लागतात, हे आम्हाला लवकरच उमगलं.

आमच्या त्या मॅचमध्ये बॅट्समन नसायचाच. दोन बोलर, एक स्टंप, प्रत्येकी बारा चेंडू. एकानं एक टाकायचा, मग दुसऱ्यानं. चेंडूचा एकच टप्पा पडला पाहिजे, दोन पडले तर बाद. ज्याचे जास्त लागतील तो सगळे पैसे घेऊन जाणार. सुरुवात पन्नास-पन्नासपासून झाली. मोहल्ले एकमेकांच्या बोलरमागं उभे राहायला लागले तसा आकडा चढत गेला. १९९६ साली तो दोन्ही बाजूंनी अडीच-अडीच हजारांवर पोचला तेव्हा माझा महिन्याचा पगार त्याहून कमी होता. जुगार होता का? कायद्याच्या पुस्तकात असेलही. पण दुसऱ्याच्या घोड्यावर पैसे लावणं वेगळं आणि स्वतःच्या खांद्यावर लावणं वेगळं, हे माझं मत आजही कायम आहे.

बारा चेंडूंत चार लागले तर गडी खांद्यावर बसून घरी जायचा. ऐकणाऱ्याला वाटतं, बस, चारच? त्यानं एकदा स्टंप लावून बघावा. समोर बॅट्समन असला की डोळ्यांना आधार असतो, त्याच्या पायांवरून टप्पा ठरतो. नुसता स्टंप दिसेनासा होतो. त्यात मागं दोनशे माणसं, आणि त्यातल्या अर्ध्यांना तुमचा चेंडू बाहेर जायला हवा असतो.

खरं भांडण लागायचं ते चेंडू चाटून जायचा तेव्हा. 'छूके गई भिया, छूके गई!' एक बाजू ओरडायची, दुसरी बाजू हवा होती म्हणायची. स्टंप हलला की वाऱ्यानं हलला, इथपासून वाद. आणि दुसरं भांडण पैसे ज्याच्याकडे ठेवले त्याच्याशी.

त्याबद्दल काही लिहू नये असं वाटत होतं, पण लिहितोच. तुमच्याआधी आम्ही एका पानवाल्याकडे पैसे ठेवले. निकाल लागल्यावर तो म्हणाला, पोलीस येऊन घेऊन गेले. कुठले पोलीस, किती वाजता, काही नाही. त्याच्या दुकानासमोर मात्र आठवड्याभरात नवं शटर लागलं. मग एका क्लबाच्या पदाधिकाऱ्यांकडे ठेवले, म्हटलं शिकलेला माणूस आहे. त्यांनी जिंकलेल्याला चेक दिला आणि तो वटला नाही. आज हे साहेब चौकाचौकात होर्डिंगवर हात जोडून उभे असतात. वाढदिवसाच्या शुभेच्छा, तळाला पंचवीस पासपोर्ट फोटो. मी स्कूटर सिग्नलला थांबवली की आमची नजरानजर होते. माझ्या वडिलांची गोष्ट तर सोडाच. गिरणी बंद पडली तेव्हा ज्यांनी 'तुमचा पै-पैचा हिशेब होईल' म्हणून सांगितलं, त्यांच्याकडे खेटे घालता घालता अण्णांच्या चपला झिजल्या. दुसऱ्याचे पैसे ज्याच्या ताब्यात असतात त्याच्याविषयी आमच्या घरात काय मत होतं, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

अशात तुम्ही आलात. आलात म्हणजे काय, गिरणीच्या आवाराबाहेर सायकल टेकवून आमचा तमाशा बघत होतात. त्या दिवशी चाटून गेलेल्या चेंडूवरून हाणामारी होणार होती. तुम्ही दुसऱ्या दिवशी एका वाटीत नीळ कालवून घेऊन आलात आणि स्टंपला वरपासून खालपर्यंत फासलीत. आम्ही हसलो. तुम्ही म्हणालात, आम्ही फिटर लोक दोन पार्ट कुठं टेकतात ते असंच बघतो, एकाला निळं लावायचं, दुसऱ्यावर उमटतं. प्रत्येक चेंडूनंतर तो उचलून उन्हात धरायचात. तांबड्या चामड्यावर निळी रेघ असली तर लागला, नसली तर नाही. मग फडक्यानं पुसून परत द्यायचात. आणि पुसता पुसता सरवट्यांची गोष्ट. चंदू सरवटे, इंदूरच्या जुन्या होळकर संघाचे, १९४६ साली ओव्हलवर दहाव्या नंबरला उतरून शूट बॅनर्जींबरोबर शेवटच्या गड्यासाठी २४९ धावा जोडणारे. ते ठसेतज्ज्ञही होते, हे आम्हाला तुमच्याकडून कळलं. 'त्यांनी बोटांचे ठसे बघितले, मी चेंडूचे बघतो,' असं तुम्ही म्हणायचात. होळकरांनी चार वेळा रणजी जिंकली, सी. के. नायडू इथल्या मैदानावर कसे उभे राहायचे, हे सगळं त्या निळीच्या वाटीभोवती ऐकलेलं आहे.

नीळ आली आणि भांडणं थांबली. पैसे तुमच्याकडे ठेवायचे हे कुणी ठरवलंच नाही, आपोआप झालं. पाटनीपुऱ्याची पोरंही, जी आमच्या मोहल्ल्यातल्या माणसाच्या हातचं पाणी पिताना विचार करायची, ती म्हणाली, काका के पास रख दो.

आणि मग जून १९९६. मी आणि पाटनीपुऱ्याचा तो डावखुरा. आमच्या बाजूचे अडीच हजार पाच जणांनी काढले होते, पाच नोटा पाचशेच्या. माझ्या नोटेच्या कोपऱ्यात पेनाची शाई सांडलेली होती. माझे बारा चेंडू संपले, तीन लागले. त्याचे अकरा झाले होते, तीन लागले. एक राहिला होता. तो धावायला लागला आणि आभाळ फाटलं. नीळ वाहून पिचवर आली, स्टंप कोरा. तुम्ही हात वर केलात आणि म्हणालात, आज नाही. पैसे माझ्यापाशी. दोघं मिळून याल तेव्हा एक चेंडू टाकायचा, नाहीतर दोघांनी मिळून सांगायचं की मॅच रद्द.

आम्ही गेलोच नाही. मला पिथमपुरात शिफ्टची नोकरी लागली, डावखुरा कुठं गेला कळलं नाही, चिमणबागेतली ती मंडळीही पांगली. अडीच हजार गेले असं आम्ही पाचही जणांनी मनात धरलं होतं. तुमच्यावर राग म्हणून नव्हे. या शहरात तसं व्हायचंच, एवढीच आमची समजूत.

गेल्या रविवारी तुम्ही बिस्किटाचा पत्र्याचा डबा पिशवीतून काढलात. आत एक चिठ्ठी, तुमच्या फिटरच्या ठळक अक्षरांत: 'चिमणबाग. पावसानं अर्धी. दोन्ही पार्टींचे.' आणि रबर लावलेल्या दोन गड्ड्या. पुण्याला मुलाकडे कायमचं जाताय, म्हणून जायच्या आधी हिशेब. पोह्यांची बशी तुम्ही बाजूला सारलीत. आधी मोजून घे म्हणालात. मी मोजले. पाच नोटा, पाचशेच्या.

तेव्हा तुम्ही जे बोललात ते मी अजून नीट गिळू शकलेलो नाही. म्हणालात, 'या त्या नोटा नव्हेत हं. तुझ्या नोटेला शाई लागली होती, ती मी जपली होती. पण बदलावी लागली.'

माफी मागितल्यासारखं!

मग चहा घेता घेता कळलं. २०१४ साली रिझर्व्ह बँकेनं सांगितलं की २००५ च्या आधीच्या, म्हणजे मागच्या बाजूला साल न छापलेल्या नोटा परत घेणार. तुम्ही डबा उघडून बघितलंत, सगळ्या तसल्याच. बँकेत जाऊन बदलल्यात. मग २०१६ चा नोव्हेंबर आला. स्वतःचे पैसे तुम्ही सरळ खात्यात भरलेत, पण हे पाच हजार वेगळे ठेवलेत, कारण दुसऱ्याचा पैसा आपल्या पासबुकात दिसायला नको. एका वेळी चार हजारच बदलून मिळत, म्हणून याच्यासाठी दोनदा रांग. त्यात दोन हजारांच्या दोन गुलाबी नोटा आल्या. आणि २०२३ च्या मे महिन्यात त्याही चलनातून काढून घ्यायचं जाहीर झालं. तेव्हा तुमचे गुडघे गेलेले, तरी नातवाला बरोबर घेऊन पुन्हा बँक. रांगेतल्या कुणीतरी विचारलं, काका, कितने का माल है? तुम्ही म्हणालात, माझं नाही, पोरांचं आहे.

पोरांचं! त्यातल्या एका पोराला आता बीपीची गोळी चालू आहे.

बायकोनं मधेच विचारलं, काका, बँकेत ठेवले असते तर व्याज तरी आलं असतं. तुम्ही म्हणालात, व्याज कुणाचं मग? मॅच तर संपलेली नाही. तिला ते पटलं नाही, मला पटलं.

काका, मी फार वाचणारा माणूस नाही. पण रविवारपासून एक गोष्ट डोक्यात घोळतेय. आपण हिरवाणीचे सोळा गडी लक्षात ठेवतो, २०२२ साली मध्य प्रदेशानं मुंबईला हरवून रणजी आणली तेव्हा राजवाड्यावर नाचतो, ते बरोबरच आहे. पण खेळ चालतो तो कुणीतरी बाजूला उभं राहून चेंडू पुसत असतं म्हणून. पैसे मोजून घेणारा, मोजून देणारा, आणि मधल्या काळात त्यांना हात न लावणारा. असा एक माणूस मिळाला म्हणून त्या दोन मोहल्ल्यांतली पोरं एकमेकांची डोकी न फोडता तीन-चार वर्षं खेळली. होर्डिंगवरच्या साहेबांना हे जमलं नाही, त्यांच्याकडे तर पावतीपुस्तक होतं. आणि अण्णांना त्यांचे पैसे देणाऱ्यांमध्ये एखादा फिटरकाका असता तर आमच्या आईनं मंगळसूत्र विकलं नसतं. हे कडवट वाटत असेल तर वाटू दे, तुमच्यामुळेच आज बोलायची हिंमत आलीय. आजवर 'सगळे असेच असतात' म्हणून गप्प बसत होतो, आता ते म्हणता येत नाही.

आमच्या पाच जणांपैकी चौघं सापडले. एकाला फोन केला तर तो अर्धा मिनिट बोललाच नाही, मग म्हणाला, माझे पाचशे नको मला, काकांना एक चांगली काठी घेऊन दे. दुसरा म्हणाला, काठी कशाला, ती नीळ कुठल्या दुकानातली होती ते विचार.

आता खरी बातमी. डावखुरा सापडला. देवासला असतो, हार्डवेअरचं दुकान आहे, पोट सुटलंय. त्याच्या वाट्याचे अडीच हजार अजून तुमच्या डब्यात आहेत हे सांगितल्यावर आधी त्याला वाटलं मी थट्टा करतोय. मग त्यानं चिठ्ठीवरचे शब्द मला दोनदा वाचायला लावले. आणि म्हणाला, रद्द कशी? मेरी एक गेंद बाकी है. असे फुकटचे पैसे घेणार नाही, असं त्याचं म्हणणं आहे. मीही विचार केला, त्याचं बरोबर आहे.

तेव्हा तुमची गाडी निघायच्या आधीच्या रविवारी, सकाळी सातला, चिमणबाग. मी गाडी घेऊन न्यायला येतो, तुम्ही खुर्चीत बसायचं. चेंडू आणि स्टंप आम्ही आणतो, नीळ तेवढी तुम्ही कालवा, आमच्या हातची पातळ होते. आमच्या पाचशेच्या पाच नोटा सोबत आणतोय, आहेत तशाच रबरात. चेंडू पडेपर्यंत त्या तुमच्याकडे राहतील.

तुमचा,
रामबागेतला मध्यमगती