दोन कुंड्यांत कणीस भरत नाही

संपादक महोदय,

घरच्या बागेविषयी जे लिहिले-बोलले जाते, त्यात मधुमक्याला, म्हणजे स्वीट कॉर्नला, सरसकट टोमॅटो-मिरचीच्या पंगतीत बसवले जाते. कुंडी घ्या, दोन दाणे टोचा, पाणी घाला, अडीच महिन्यांनी कणीस तोडा. रोप उगवते, डोक्याइतके उंच होते, तुराही डौलदार येतो आणि कणीस सोलले की आत दात पडलेले बोळके. त्यावर ठरलेला सल्ला मिळतो की खत कमी पडले. पुढच्या खेपेला खत वाढते, दाणे तेवढेच राहतात. हे निदान बहुतेक वेळा चुकीचे असते, म्हणून हे पत्र.

मक्याच्या एकाच झाडावर नर आणि मादी फुले वेगवेगळ्या जागी येतात. शेंड्याचा तुरा नर, पानाच्या बगलेतले कणीस मादी. कणसाबाहेर लोंबणारा प्रत्येक केस आतल्या एकेका दाण्याच्या जागेला जोडलेला असतो. त्या केसावर परागकण पडला नाही, तर ती जागा रिकामी राहते. कितीही खत घातले तरी तिथे दाणा धरत नाही. पराग नेण्याचे काम वारा करतो, मधमाशीवर मका अवलंबून नाही. परागकण जड असल्याने तो दूर जात नाही, बहुतांश पराग जवळपासच खाली पडतो. एका ओळीत लावलेल्या झाडांचा पराग वाऱ्याबरोबर ओळीबाहेर वाहून जातो आणि एकट्या झाडाचा स्वतःच्या कणसावर पुरेसा पडत नाही. तुऱ्यातून पराग आधी झडू लागतो, केस साधारण दोन-तीन दिवसांनी बाहेर येतात, तेव्हा एकट्या झाडाची वेळही जुळत नाही.

म्हणून मका चौकोनात लावावा. चार ओळी, प्रत्येकीत चार झाडे, अशी सोळा झाडे हा घरगुती चौकोन चांगला भरतो. बाराच्या खाली जाऊ नये. जमिनीत दोन झाडांत २० ते २५ सेंटिमीटर आणि दोन ओळींत ६० ते ७५ सेंटिमीटर अंतर ठेवावे. कुंड्या असतील तर त्या कठड्याला लागून रांगेत मांडण्याचा मोह टाळून एकमेकींना खेटून चौकोनात ठेवाव्यात. हा बदल फुकटचा आहे आणि सर्वांत जास्त फरक त्यानेच पडतो.

तरीही घरी झाडे थोडीच असतात, तेव्हा हाताने पराग देण्याची सवय ठेवलेली बरी. तुऱ्याच्या फांद्यांवर पिवळट परागकोश लोंबू लागले की सकाळी दव सुकल्यावर, साधारण नऊ ते अकराच्या दरम्यान, तुरा कागदी पिशवीत वाकवून हलकेच झटकावा. प्लास्टिकची पिशवी नको. तिच्यात ओल धरते आणि परागाच्या गुठळ्या होतात. जमलेली पिवळी पूड लगेच मऊ कुंचल्याने किंवा चिमटीने सर्व कणसांच्या केसांवर पसरावी. हा पराग उन्हात फार टिकत नाही, दुपारसाठी राखून ठेवण्यात अर्थ नाही. एकदा करून भागत नाही. कणसाच्या बुडाच्या दाण्यांचे केस आधी बाहेर येतात, टोकाचे सर्वांत शेवटी. म्हणून चार-पाच सकाळी हे करावे. टोकाकडचा बोटभर भाग रिकामा राहतो तो बहुधा याच उशिरामुळे. पारा ३५ अंशांच्या वर चढला आणि हवा कोरडी असली तर पराग लवकर मरतो आणि केसही सुकतात, म्हणून तुरा कडक उन्हाळ्याच्या ऐन भरात येणार नाही अशा बेताने पेरणी करावी.

कुंडीतल्या मक्याची आणखी एक खोड आहे. पाण्याचा किंवा अन्नाचा ताण पडला की तुरा वेळेवर येतो, पण केस रेंगाळतात. ते बाहेर पडेपर्यंत पराग संपलेला असतो. यावर सोपी तोड म्हणजे सगळ्या कुंड्या एकाच दिवशी न पेरता एक तृतीयांश कुंड्या पाच-सहा दिवस उशिरा पेरणे. मागाहून पेरलेल्या झाडांचा पराग आधी पेरलेल्या झाडांच्या उशिरा आलेल्या केसांच्या कामी येतो.

फलन झाले की नाही, हे पाहण्याची जुनी युक्ती आहे. पराग दिल्यानंतर तीन-चार दिवसांनी एखादे कणीस तोडून आवरणे अलगद कापावीत आणि कणीस उलटे धरून हलवावे. फलन झालेल्या दाण्यांचे केस गळून पडतात, न झालेल्यांचे चिकटून राहतात. एक कणीस खर्ची पडते, पण अजून ताजे केस दिसत असतील तर उरलेल्या झाडांना पुन्हा पराग देता येतो.

आता मातीचे. एका झाडाला किमान १० ते १२ लिटर माती लागते. ३० सेंटिमीटर व्यासाच्या आणि तितक्याच खोल कुंडीत दोनच झाडे, ४५ सेंटिमीटरच्या खोलगट कुंडीत चार. सर्वांत सोयीची पेटी म्हणजे ६० बाय ६० सेंटिमीटरची, ३० सेंटिमीटर खोल. तिच्यात तीन ओळींत नऊ झाडे बसतात आणि अशा दोन पेट्या शेजारी ठेवल्या की अठरा झाडांचा चौकोन तयार होतो. मात्र अशी एक पेटी भिजल्यावर शंभर किलोहून जास्त भरते, हे गच्चीवर किंवा बाल्कनीत ठेवण्याआधी लक्षात घ्यावे. मिश्रणात दोन भाग माती, दोन भाग मुरलेले शेणखत किंवा गांडूळ खत आणि एक भाग कोकोपीट. तळाला निचऱ्याची भोके मोकळी हवीत. दिवसाला सहा ते आठ तास थेट ऊन मिळत नसेल तर मक्याचा नाद सोडून पालेभाजी लावावी, तिथे हट्ट करण्यात अर्थ नाही.

बियाण्याच्या बाबतीत पाकिटावर नुसते 'स्वीट कॉर्न' एवढेच छापलेले असते, ही खरी अडचण आहे. गोडी वेगवेगळ्या जनुकांमुळे येते. जुन्या प्रकारच्या मधुमक्यात साखर तोडल्यानंतर भराभर पिष्टात (स्टार्चमध्ये) बदलते. ३० अंशांच्या आसपास ठेवलेल्या कणसातली निम्म्याहून जास्त साखर दिवसभरात जाते. अतिगोड वाणांत ही घसरण मंद असते. इलिनॉय विद्यापीठातले जॉन लॉफ्नन यांनी १९५३ मध्ये ज्या जनुकाचा दाण्यातल्या साखरेवरचा परिणाम मांडला, त्यावर हे वाण आधारलेले आहेत. त्यांचे बी सुरकुतलेले आणि हलके असते, त्यात पिष्टाचा साठा कमी, त्यामुळे ते थंड, ओलसर मातीत कुजते. माती किमान १८ अंश गरम हवी. रात्रभर भिजत घालू नये, पाणी पटकन शोषून ते फुटते. साध्या वाणांना थोडी थंड माती चालते. आणखी एक बंधन म्हणजे अतिगोड वाणाच्या केसांवर साध्या किंवा लाह्यांच्या मक्याचा पराग पडला, तर त्याच हंगामातले दाणे पिठूळ होतात. दोन प्रकार एकत्र लावायचेच असतील तर फुलोऱ्यात किमान दोन आठवड्यांचे अंतर राहील, अशी पेरणी करावी. खाण्यासाठी आणलेल्या ओल्या कणसाचे दाणे पेरण्याचा प्रयोग करू नये. ते कोवळेच असतात. संकरित झाडाचे पक्के बीही पुढच्या वर्षी तेच गुण देत नाही.

बी अडीच सेंटिमीटर खोल, प्रत्येक जागी दोन. मातीत ऊब असेल तर आठवड्याच्या आत उगवते. दोन्ही उगवल्यास कमजोर रोप उपटू नये, कात्रीने जमिनीलगत कापावे. उपटल्याने राहिलेल्या रोपाची मुळे हलतात आणि मक्याला ते सोसत नाही. ट्रेमध्ये रोप केले तर दोन-तीन पानांवर असतानाच, मातीच्या गोळ्यासकट हलवावे. रोप गुडघ्याएवढे झाले की बुंध्याला आठ-दहा सेंटिमीटर मातीची भर द्यावी, त्यात आधारमुळे रुजतात आणि वाऱ्यात झाड लोळत नाही. बुंध्याशी येणारे फुटवे काढण्याची बरीच लगबग दिसते. ते काढल्याने कणीस मोठे होत नाही, उगाच जखमा होतात.

खत लागतेच, फक्त ते वेळेवर द्यावे लागते. मका नत्राचा (नायट्रोजनचा) खादाड. सहा ते आठ पानांवर एकदा आणि तुरा पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांत, दिसू लागला की पुन्हा एकदा, दर झाडाला दोन ग्रॅम युरिया, म्हणजे चहाचा सपाट अर्धा चमचा, लिटरभर पाण्यात विरघळवून ओल्या मातीत द्यावा. कोरड्या कुंडीत दिला तर मुळे भाजतात. सेंद्रियच करायचे असेल तर याच दोन वेळी मूठ-दीडमूठ गांडूळ खत मातीत मिसळावे, पण पहिला हप्ता आठवडाभर आधी, कारण ते मंद लागू पडते. खालचे पान टोकापासून मधल्या शिरेने बुडाकडे इंग्रजी व्ही आकारात पिवळे पडत आले तर नत्र कमी. पानाच्या कडा करपल्या तर पालाश (पोटॅश) कमी. लहान रोपे जांभळट दिसली तर बहुतेक वेळा मातीच्या गारव्यामुळे त्यांना स्फुरद (फॉस्फरस) घेता येत नाही आणि ऊब आली की ती आपोआप सावरतात, स्फुरद ओतू नये.

पाण्याचा हिशेब जमिनीत आठवड्याला दर चौरस मीटर २५ लिटर, कुंडीत मात्र उन्हात रोज आणि तुरा आल्यावर कधी दोनदा. तुरा येण्याआधीचे आणि नंतरचे प्रत्येकी दोन आठवडे एक दिवसही चुकवू नये. दुपारी पान गुंडाळले आणि सकाळी मोकळे झाले तर चालते. सकाळीही गुंडाळलेले दिसले तर माती आत कोरडी आहे. पाणी बुंध्याशीच घालावे, पराग झडत असताना तुऱ्यावर फवारू नये.

किडींपैकी खरी शत्रू लष्करी अळी. पोंग्यात लाकडाच्या भुशासारखी विष्ठा आणि पानांवर एका ओळीत भोके दिसली की तीच. तिच्या डोक्यावर उलटा इंग्रजी वाय आणि शेवटाकडे चौकोनात चार काळे ठिपके असतात. थोडी झाडे असल्याने रोज पोंगा उघडून अळी हाताने चिरडणे शक्य आहे. पानावरचे केसाळ अंडीपुंज तर आधीच काढावेत. अळी लहान असताना संध्याकाळी बॅसिलस थुरिंजिएन्सिस या अळीनाशक जिवाणूचे द्रावण पोंग्यात ओतल्याने चांगला परिणाम दिसतो, मोठ्या अळीवर त्याचा फारसा उपयोग नाही. कणसाच्या टोकातून शिरणाऱ्या अळीसाठी केस तपकिरी होऊ लागल्यावर, म्हणजे फलन उरकल्यावर, टोकाशी खाद्यतेलाचे चार-पाच थेंब सोडावेत. आधी सोडले तर पराग चिकटत नाही आणि पुन्हा बोळकेच हाती येते. काणी या बुरशीजन्य रोगाची पांढरट गाठ दिसली की ती फुटून काळी पूड उडण्याआधी कापून कचऱ्यात टाकावी, खतात नाही. पक्ष्यांसाठी केस सुकल्यावर कणसावर कागदी पिशवी बांधावी.

तोडणी केस बाहेर आल्यापासून साधारण १८ ते २३ दिवसांनी. केस तपकिरी होऊन सुकलेले असतात. टोकाचे आवरण बोटभर बाजूला करून दाण्यात नख रोवावे. पाणी निघाले तर दोन दिवस थांबावे, दूध निघाले तर तोडावे, काहीच न निघता पिठाळ लागले तर उशीर झाला. सकाळी तोडावे आणि लगेच खायचे नसेल तर सालीसकट फ्रिजमध्ये ठेवावे. झाडाला एक चांगले कणीस येते, दुसरे आले तरी लहानसे. सोळा झाडांतून सोळा ते वीस कणसे एवढीच अपेक्षा धरावी. सगळी एकाच आठवड्यात तयार होतात, म्हणून जागा असेल तर दोन आठवड्यांच्या अंतराने दुसरा चौकोन पेरावा.

आणि ज्यांच्याकडे दोनच कुंड्या आहेत त्यांनी बेबी कॉर्न करावे. त्याला परागाची गरजच नाही. केस दोन-तीन सेंटिमीटर बाहेर आले की एक-दोन दिवसांत बोटाएवढे कणीस तोडायचे. झाडे १५ सेंटिमीटरवर दाट लावली तरी चालतात आणि पहिले तोडल्यावर त्याच झाडाच्या खालच्या बगलेत बहुधा आणखी एखाद-दुसरे मिळते.

आपला,
एक बागप्रेमी वाचक